वाढत्या अंगाची बॅटरी

मराठी माणूस खरेदीला निघाला की त्याच्याबरोबर त्याची आईही निघते. मग ती प्रत्यक्षात गावाकडे असो की भिंतीवरच्या फोटोत. गणवेशाच्या दुकानात ‘जरा वाढत्या अंगाचा दाखवा’ असं तिने ज्या ठाम सुरात सांगितलेलं असतं, तो सूर पन्नाशी उलटली तरी कानातून जात नाही. मग बूट एक नंबर मोठे येतात, चौघांच्या घरात सात लिटरचा कुकर येतो आणि जिन्यात अडकलं तरी चालेल, पण कपाट तीन दारांचंच येतं. या धोरणाने आपलं आजवर फारसं काही बिघडलेलं नाही, कारण गणवेशातला मुलगा खरोखरच वाढतो.

विमान वाढत नाही.

रिमोटवर उडणाऱ्या विजेच्या विमानांचं सामान विकणाऱ्या दुकानांत एवढी एकच पाटी लावली तरी बऱ्याच विमानांचे पंख शाबूत राहतील. तिथे आठवी-नववीतल्या मुलाला घेऊन आलेला बाप पहिला प्रश्न विचारतो तो असा: ‘यातली सगळ्यात मोठी कोणती?’ मुलगा बिचारा व्हिडिओ पाहून, वहीच्या मागच्या पानावर लिहून आलेला असतो: लिपो, तीन एस, बावीसशे, पंचवीस सी. बाप ते पान वाचतो आणि त्याच्या चेहऱ्यावर फसवणूक वेळीच पकडल्याचं समाधान पसरतं. ‘बावीसशे? अरे, माझ्या मोबाईलची पाच हजारांची आहे. एवढ्या मोठ्या विमानाला बावीसशे कशी पुरेल?’

दुकानदार गप्प राहतो. पाच हजारांची बॅटरी महाग असते.

खरं म्हणजे हिशेब एका ओळीचा आहे. मोबाईलच्या बॅटरीत सहसा एकच सेल असतो, पावणेचार व्होल्टांच्या आसपासचा. पाच हजार मिलिअँपिअर-तासांना त्याने गुणलं की साधारण १९ वॉट-तास होतात. मुलाच्या पानावरच्या बॅटरीत तीन सेल आहेत, ११.१ व्होल्टांचे. बावीसशेला त्याने गुणलं की होतात २४. म्हणजे बापाच्या खिशातल्या पाच हजारांपेक्षा मुलाच्या वहीतल्या बावीसशेत ऊर्जा जास्तच आहे. मोबाईल ती दिवसभर पुरवून पुरवून खातो आणि विमान आठ मिनिटांत फस्त करतं, इतकंच.

लिथियम पॉलिमर हे हिचं कागदोपत्री नाव. मैदानावर सगळे लिपोच म्हणतात. दिसायला अगदी बापुडवाणी. रंगीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तीन चपट्या चंदेरी वड्या, लाल-काळ्या दोन जाड वायरी आणि पांढऱ्या प्लगात संपणारी बारीक वायरींची एक शेंडी. एका सेलचे नावापुरते व्होल्ट ३.७. तो पूर्ण भरला की ४.२. त्याच्या वर नेला तर आगीशी खेळ, ३ च्या खाली गेला तर कायमची खोट. सगळा संसार सव्वा व्होल्टाच्या आत करायचा. एस म्हणजे असे किती सेल एकापुढे एक जोडलेत त्याचा आकडा. लेबलावर हा एस असतो, क्षमता असते, सी नावाचं एक प्रकरण असतं आणि बहुधा एखादा गरुड किंवा विजेचा लोळ छापलेला असतो. जे सगळ्यांत आधी पाहायला हवं ते मात्र बहुतेक लेबलांवर नसतंच. ते म्हणजे वजन.

उदाहरणच घेऊ. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं ज्यावर उडवायला शिकतात ते विमान. पंखांची लांबी चारेक फूट. अंग सनपॅकचं, म्हणजे प्रचारफलकांच्या पोकळ प्लास्टिकचं, किंवा फोमचं. निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या असतील तर सनपॅक फुकटही मिळतं आणि मग पंखाखाली पडलेल्या उमेदवाराचं अर्धं हसू घेऊन विमान उडतं. नाकात २२१२ मापाची, १००० केव्हीची मोटर, तिच्यावर दहा इंची पंखा, मागे तीस अँपिअरचा स्पीड कंट्रोलर. बॅटरी सोडून हे सगळं साधारण ७२० ग्रॅम भरतं. बावीसशेची तीन सेलची बॅटरी असते १८० ग्रॅमच्या आसपास. एकूण ९००. एकपंचमांश वजन एकट्या बॅटरीचं. विमानातल्या दुसऱ्या कुठल्याही सुट्या भागाला असला मान नाही.

आता यात बापाच्या आग्रहाची पाच हजारांची घाला. ती ४०० ग्रॅमची. विमान झालं ११२० ग्रॅमचं, पंख मात्र आहेत तेवढेच. मग त्याला साधारण अकरा-बारा टक्के जास्त वेगाने उतरावं लागतं, आणि नवशिक्याच्या बाबतीत ‘उतरणं’ हा शब्द आपण सौजन्याने वापरतो. वजन वाढलं, वेग वाढला. जमिनीवर आपटण्याची ताकद दीडपटीच्या वर गेली. बरं, एवढं करून क्षमता सव्वादोनपट झाली म्हणून उड्डाण सव्वादोनपट चालतं का? नाही. जड विमान हवेत धरून ठेवायलाच जास्त वीज लागते, त्यामुळे वेळ वाढतो फार तर दीड-पावणेदोनपट. वाढीव बॅटरीतला बराचसा भाग स्वतःलाच उचलण्यात खर्च होतो.

शिवाय ती बसत नाही. विमानाच्या पोटातली जागा बावीसशेच्या मापाने कापलेली असते. मग कटर येतो, मधली फळी कोरली जाते, झाकण लागत नाही म्हणून रबरबँड येतात, रबरबँड सुटतात म्हणून पॅकिंगची चिकटपट्टी येते. एवढ्या मेहनतीने कोंबलेली बॅटरी शेवटी जिथे मावेल तिथे राहते, आणि विमानाचा तोल तर तिच्यावरच अवलंबून असतो. साध्या शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या आत हवा. दोन बोटांवर पंख उचलून धरले की कळतं. बॅटरी पुढेमागे सरकवून तो जुळवायचा, एवढ्यासाठीच तर पोटात थोडी जागा मोकळी ठेवलेली असते. नाक जड झालं तर विमान कुरकुरतं, पण ऐकतं. शेपूट जड झाली तर दुसऱ्या उड्डाणाचा विचार करावा लागत नाही.

याच्या उलट जातीचे लोकही असतात. ते स्वस्त आणि हलकी म्हणून हजाराची बॅटरी घेतात, मग नाक हलकं पडतं म्हणून त्यात नटबोल्ट भरतात. एकाने रुपयाची नाणी चिकटवलेली मी पाहिली आहेत. भारत सरकारचं नाणं इतक्या उंचीवर दुसऱ्या कुणी नेलं नसेल, पण त्यातून वीज मिळत नाही.

हा मोठ्या बॅटरीचा मोह येतो कुठून, याचा माझ्यापुरता मी शोध लावला आहे. तो मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बघ्यांकडून येतो. गावाबाहेरच्या पडीक रानात सकाळी सात वाजता विमान जोडायला घेतलं तरी साडेसातला आठ-दहा माणसं जमतात. त्यांचे प्रश्न ठरलेले. ‘ड्रोन आहे का?’ ‘कॅमेरा आहे का?’ ‘कितीला पडलं?’ आणि विमान अजून जमिनीवरच असताना, ‘पडलं तर?’ या सगळ्यांना माणूस हसून उत्तरं देतो. मग कुणीतरी विचारतं, ‘किती वेळ उडतं?’

‘आठ मिनिटं.’

‘बस्स?’

या एका ‘बस्स’ने जितक्या पाच हजारांच्या बॅटऱ्या खपवल्या असतील, तितक्या कुठल्याही जाहिरातीने खपवल्या नसतील. त्या बघ्याला आठ मिनिटं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, ते सांभाळत, सूर्य चुकवत, मान वर करून आठ मिनिटं काढली की नवशिक्याची बॅटरी विमानाच्या आधी संपते. माझं मत विचाराल तर मोठी एक घेण्यापेक्षा बावीसशेच्या दोन घ्याव्यात. एक उडवावी, उतरावं, पाणी प्यावं, सुटलेला स्क्रू आवळावा, मग दुसरी. बघ्यांनाही तेवढ्यात चहा पिऊन येता येतं.

वजनाची ही कटकट आजची नाही. १९५७ च्या जूनमध्ये इंग्लंडात कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे विमान विजेच्या मोटरवर उडवलं. विजेवरच्या रेडिओ-नियंत्रित विमानाचं पहिलं नोंदलेलं उड्डाण म्हणून ते सांगितलं जातं. बॅटरी होती चांदी आणि जस्ताची. त्यानंतर कर्नलसाहेबांनी हा प्रयोग पुढे नेला नाही. कारण काहीही असो, पण खेळण्याच्या विमानात चांदी घातली हे घरी कळल्यावर आपल्याकडे तरी प्रयोग तिथेच थांबला असता. पुढे निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आल्या. ऑस्ट्रियात २१ ऑक्टोबर १९७३ ला त्यांच्याच जोरावर एक माणूसही विजेच्या विमानातून हवेत गेला आणि पाव तासाच्या आत खाली आला. तोवर छंदवाल्यांची खरी सत्ता इंजिनांची होती. मेथनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर ती चालत. लहानपणी ज्यांना पाठीत धपाटा घालून एरंडेल पाजलेलं होतं, तीच पिढी मोठेपणी त्याचा वास शर्टाला लागला की धन्य व्हायची. या शतकाच्या सुरुवातीला लिपो छंदात आली आणि त्या पिढीला शर्ट धुण्यापुरताही वास उरला नाही. त्यांतले काही अजून मैदानावर येतात आणि आमच्या विमानांकडे मिक्सरकडे पाहावं तसं पाहतात.

बापाचा मोह क्षमतेचा, तर कॉलेजच्या पोरांचा मोह सेलांचा. तीन एस चाललं तर चार एस का नाही? मोटरवर १००० केव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे एका व्होल्टाला मिनिटात हजार फेरे, तेही पंखा न लावता. ११.१ व्होल्टांना ११,१०० आणि चार सेलांच्या १४.८ व्होल्टांना १४,८००. एकतृतीयांश जास्त वेग मिळतो असं पोरांना दिसतं. पण पंखा हवा कापत असतो, आणि हवा फुकट कापली जात नाही. तोच दहा इंची पंखा ठेवून व्होल्ट एकतृतीयांशाने वाढवले की अँपिअर वाढतात पावणेदोनपट आणि वॉट सव्वादोनपटीच्याही वर. जिथे १५ अँपिअर आणि १६५ वॉट होते, तिथे २६ अँपिअर आणि ३९० वॉट. मोटर साठेक ग्रॅमची. पहिलं अर्धं मिनिट विमान असं उडतं की सगळे ओरडतात, ‘भावा, जाळ!’ मग तारेवरचं वार्निश जळाल्याचा वास खालपर्यंत येतो आणि ओरडणाऱ्यांचा शब्द खरा ठरतो. चार सेल लावायचेच असतील तर पंखा आठ इंचांचा करावा. पण लहान पंख्याला पाहून कुणी ‘भावा’ म्हणत नाही.

आणि आता सी.

सी म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या किती पट विजेचा उपसा तिला झेपेल, याचा आकडा. बावीसशे म्हणजे २.२ अँपिअर-तास; पंचवीस सी असेल तर २.२ गुणिले पंचवीस, ५५ अँपिअर. आपल्या विमानाला पूर्ण थ्रॉटलवर लागतात पंधरा. म्हणजे गरज जेमतेम सात सी ची. बॅटरीला घाम फुटू नये म्हणून दुप्पट धरली तरी पंधरा. पंचवीसची प्रामाणिक बॅटरी घेतली तर ती आयुष्यभर आरामात राहील.

पण बाजारात पंचवीस सी मागणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात. चाळीस, पासष्ट, शंभर असे आकडे असतात, आणि पुढे बारीक अक्षरात ‘बर्स्ट’ म्हणून त्याच्याही दुप्पट. बावीसशेची आणि शंभर सी म्हणजे २२० अँपिअर. त्या गतीने ही बॅटरी ३६ सेकंदांत रिकामी व्हायला हवी आणि ते ३६ सेकंद तिने २,४०० वॉट द्यायला हवेत. आपल्या न्हाणीघरातला गीझर सहसा दोन हजारांचा असतो. म्हणजे तळहातावर मावणारी ही वडी गीझर चालवून वर मिक्सरला वीज उरवेल, असं लेबलाचं म्हणणं. त्याच बॅटरीच्या वायरीला जो पिवळा एक्सटी-साठ कनेक्टर लावलेला असतो, त्याची झेप नावातच दिली आहे: साठ अँपिअर. दावा करणारं लेबल आणि तो खोडून काढणारा कनेक्टर, दोघे एकमेकांपासून वीतभर अंतरावर सुखाने नांदतात. कुणी त्यांची तोंडओळख करून देत नाही.

बरं, हा आकडा कुणी तपासत नाही. तो कसा मोजायचा याला सगळ्यांवर बांधील असं माप नाही, त्यामुळे छापणाऱ्याच्या मनाला येईल तेवढा तो मोठा होतो. खरोखर जास्त सी ची बॅटरी असलीच, तर ती त्याच क्षमतेच्या साध्या बॅटरीपेक्षा जड आणि महाग असते. म्हणजे वाढत्या अंगाचा गणवेश पुन्हा मागच्या दाराने आत.

यावर उतारा आमच्या मैदानावरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे आहे. त्यांना सगळे साहेब म्हणतात. साहेब कुणाच्याही लेबलावर विश्वास ठेवत नाहीत. चाळीस वर्षं लोकांचे अर्ज वाचल्याचा तो परिणाम असावा. ते बॅटरी आणि स्पीड कंट्रोलरच्या मध्ये वॉटमीटर जोडतात, एका पोराला विमान मागून घट्ट धरायला सांगतात, दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल देतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. ‘चौदा पॉइंट आठ. झालं? आता बोला, तुम्हाला शंभर सी कशाला हवी?’ समोरचा म्हणतो, ‘नाही साहेब, असावी म्हणून.’ साहेब म्हणतात, ‘असावी म्हणून लोक तीन-तीन खाती उघडतात आणि तिन्हीत शिल्लक नसते.’

त्यांच्याकडे एक खतावणी आहे. प्रत्येक बॅटरीला नंबर, खरेदीची तारीख, किती वेळा भरली, आणि दर महिन्याला प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध, मिलिओममध्ये. फक्त नॉमिनीचा रकाना तेवढा नाही. हा अंतर्गत रोध मोजणारे चार्जर आता सहज मिळतात, आणि बॅटरीची लायकी ओळखण्याचा तो मला ठाऊक असलेला सगळ्यात खरा मार्ग आहे. सेलचा रोध दहा मिलिओम असेल तर पंधरा अँपिअरला त्याचे व्होल्ट ०.१५ ने खचतात. तीस असेल तर जवळजवळ अर्ध्या व्होल्टाने. मग जमिनीवर भरलेली दिसणारी बॅटरी हवेत जोर दिला की खाली बसते, कंट्रोलरला वाटतं ती संपली, आणि तो मोटर तोडतो. सुकाणू मात्र चालू असतात, कारण त्यांच्यापुरती वीज तो राखून ठेवतो. शांतपणे घिरट्या घालत उतरता येतं. पण मोटर बंद पडली की बहुतेकांचा शांतपणाही बंद पडतो.

साहेबांचा वेळेचा हिशेबही खतावणीतच. क्षमतेचे ऐंशी टक्केच वापरायचे. राहिलेल्या वीस टक्क्यांना ते किमान शिल्लक म्हणतात. २२०० चे ऐंशी टक्के १७६०. सबंध उड्डाणात सरासरी बारा अँपिअर धरले तर पावणेनऊ मिनिटं. रिमोटवरचा टायमर लावायचा आठ मिनिटांचा. काहीजण टायमरऐवजी बॅटरीच्या पांढऱ्या शेंडीला एक इवलासा भोंगा लावतात; सेल साडेतीन व्होल्टांवर आला की तो असा किंचाळतो की आकाशातून ऐकू येतो. अडचण एवढीच, की एका वेळी तीन विमानं वर असली तर किंचाळतंय कोणतं हे कुणालाच कळत नाही आणि तिघेही एकाच पट्टीवर उतरायला येतात.

कनेक्टरांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो विषय घराघरातला आहे. पहिलं विमान एका जातीच्या प्लगाचं, दुसरं दुसऱ्या, मित्राकडून घेतलेली बॅटरी तिसऱ्या, आणि ते सगळं जुळवणाऱ्या तुकड्यांचा एक डबा. एकदाच काय ती जात ठरवावी आणि सगळ्यांचे प्लग बदलून घ्यावेत. बदलताना लाल आणि काळी वायर एकाच वेळी कापायची नाही, हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या पकडीच्या धारेला अर्धगोल खाच असते. मैदानावर पकड मागितली की ती खाच पाहून मालकाचा अनुभव कळतो.

खरेदी करताना जो विचार कुणीच करत नाही तो घरी आल्यावर करावा लागतो: ही भरायची कुठे? लिपो चार्ज करताना लक्ष ठेवावं लागतं, पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवायची नसते, खाली फरशी किंवा मातीचं भांडं हवं, बाजूला वाळू. २.२ अँपिअरने, म्हणजे एक सी ने, तासाभरात भरते. तो तासभर घरातच बसावं लागतं. फ्लॅटमध्ये मग हे सगळं गॅलरीत जातं.

‘अहो, कुंडीत काय लावलंय?’

‘चार्जिंगला लावलंय.’

‘आणि तिथला मोगरा?’

मोगरा कठड्यावर गेलेला असतो, आणि त्या संध्याकाळी चहा मागायचा नसतो.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार बॅटरी किती घ्यायच्या हे ठरवताना करावा. जून ते सप्टेंबर रान चिखलाचं असतं आणि आकाश कुणाचंच नसतं. पहिल्या पावसाच्या आदल्या रात्री उत्साहाने पूर्ण भरलेल्या सहा बॅटऱ्या चार महिने तशाच कपाटात राहिल्या, तर दसऱ्याला त्या गुटगुटीत होऊन बाहेर येतात. ठेवणीतली लिपो अर्धपोटी ठेवायची, सेलला ३.८ व्होल्टांच्या आसपास. चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ असं वेगळं बटण असतं. जितक्या बॅटऱ्या, तितक्या वेळा ते दाबायचं; दोन असल्या की जीवावर येत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या मंडळींना पावसाआधी मे पार पाडावा लागतो. बंद गाडीच्या डिकीत तिथल्या दुपारी लिपो ठेवणं म्हणजे चार्ज न करताच तिला फुगवणं.

राहता राहिला अमेरिकेतून येणारा भाचा. तिकडे बॅटऱ्या चांगल्या मिळतात ही समजूत इकडे पक्की आहे, आणि इथे ऑनलाइन मागवलेली लिपो विमानाने न येता रस्त्याने रमतगमत येते, त्यामुळे भाच्याच्या बॅगेवर डोळा असतो. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही. हातातल्या सामानात, टोकं झाकून, शंभर वॉट-तासांपर्यंत चालते. आपली २४ ची, म्हणजे नियमात बसते. नियमात बसते हे सुरक्षा तपासणीच्या टेबलापाशी, मागे दोनशे माणसं खोळंबलेली असताना, भाच्याला समजावून सांगावं लागतं. वायरी लोंबणारी ती वडी क्ष-किरणांच्या पडद्यावर कशी दिसत असेल याची कल्पना करा. माझ्या मते भाच्याकडून चॉकलेटंच मागवावीत.

शेवटी प्रत्येक लिपो फुगतेच. नीट वागवली तरी काही वर्षांनी आतल्या द्रवाचा वायू व्हायला लागतो आणि चपटी वडी उशीसारखी होते. तेव्हा तिचा मालक ती हातात घेऊन, अंगठ्याने दाबून, ‘थोडीशीच फुगलीय’ असं म्हणतो आणि अजून एक उड्डाण मागतो. कुणीतरी टाचणीने हवा काढायचं सुचवतो. त्या माणसाला मैदानावर घेऊ नये. फुगलेली बॅटरी निवृत्तच करायची. उघड्यावर, घरापासून लांब, दुचाकीचा बारा व्होल्टांचा छोटा बल्ब जोडून तिला पूर्ण रिकामी होऊ द्यायची.

त्यानंतर ती ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या, असा प्रश्न सोसायटीच्या जिन्यात ऐकू येतो. कशातच नाही. भारतात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत आणि बॅटरी इतर कचऱ्यात मिसळू नये ही जबाबदारी वापरणाऱ्यावरही आहे. घंटागाडीच्या दाबयंत्रात गेलेल्या लिपोने पेट घेतला तर ते विझवायला आपण तिथे नसतो, तिथले कामगार असतात. तेव्हा तिच्या वायरींच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन द्या. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात नवी घ्यायचा मोह झाला, तर आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर विमान ठेवून या.